कळशीवरचं नाव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच दिवस उरले होते, आणि वहीवाले शांतीलाल बारोट लोणखेड्यात गिरधरआबांच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते. पाच-सात वर्षांनी एकदा ते गुजरातेतून येत, घराण्यातले जन्म, लग्नं, मृत्यू लाल कापडात गुंडाळलेल्या वहीत उतरवून घेत आणि जुनी पानं वाचून दाखवत. त्यांच्या आधी त्यांचे वडील यायचे, त्याआधी आजोबा.

आबांची लेक रोहिणी या भेटीची वाटच पाहत होती. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची; पुराव्याशिवाय पुढे जायची तिला सवय नव्हती. तहसीलमधून तिने जमिनीची जुनी नोंद काढून आणली होती, पण तीत जमीन थेट आबांच्या वडिलांच्या नावावर होती. जिने ती जमीन केली, तिचा उल्लेखच नव्हता. ती आबांची आजी. नवरा गेल्यावर दोन लेकरं घेऊन गोमाई नदीच्या काठी आली, बाभळी तोडल्या, विहीर खणली. या घराण्याचं इथलं पहिलं माणूस तीच. तिचा फोटो नाही, पत्र नाही. होती फक्त पितळेची एक कळशी आणि तिच्या काठाखाली कोरलेलं नाव, भिकुबाई.

आजी गेली तेव्हा आबांचे वडीलच लहान होते. आता आबा पंचाऐंशीचे. दर आखाजीला ते त्या कळशीने विहिरीचं पाणी आणून मातीची नवी घागर भरत, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवत आणि पितरांतल्या भिकुबाईला हाक मारत. आपली हाक तिला पोचते ना, एवढंच त्यांना या वयात जाणून घ्यायचं होतं.

"मिळाली, रोहिणीबेन! भिकुबाई," शांतीलाल पानावर बोट ठेवून म्हणाले.

आबा पुढे सरकले. "वाच."

"देवचंदची बहीण. तळोद्याला दिली."

"बहीन?" आबा हसले. "चष्मा पुशी ले, शांतीलाल. देवचंद मन्हा आजा. भिकुबाई त्यानी बायको."

"चष्म्यानं वही बदलत नाही, गिरधरभाऊ. बायकोच्या जागी लिहिलंय, घरवाली, गाव खापर. बस."

"आनि नाव?"

"नाव नाही. आमच्या दादाजींना कोणी सांगितलं नसेल."

रोहिणी उठून स्वयंपाकघरात गेली. मांडणीवर तिच्या लग्नात आलेली, माहेरीच राहिलेली भांडी होती. तांब्यावर फुलवंताबाई, परातीवर सीमा. कोरलेली ती नावं तिने वाचली. मग बाहेर आली.

"आबा, कळशी पणजीला तिच्या नणंदेनं दिली होती. भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं आपल्याकडे. माझी भांडी शंभर वर्षांनी कोणी काढली, तर त्याला आत्या सापडेल, मामेबहीण सापडेल. मी नाही."

शांतीलालांनी पेनाचं टोपण काढलं. "भिकुबाईच लिहून टाकू का? कोण विचारतंय?"

मोह तिलाही झाला. "नको," ती म्हणाली. "जागा कोरी सोडा."

दुसऱ्या दिवशी ती एसटीने खापरला, पणजीच्या माहेरी, गेली. तिचं नाव विचारत चार घरं फिरली. शेवटच्या घरी नर्मदाबाई नावाच्या म्हातारीने तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "दियेल पोरनं नाव सासरमा ऱ्हास, माय. आठे काय शोधी ऱ्हायनी?"

मी तिच्या सासरहूनच आलेय, हे रोहिणीच्या ओठावर आलं होतं. पाणी पिऊन ती परत निघाली.

आखाजीच्या सकाळी आबांनी दोन घागरी मांडल्या.

"दोन?" रोहिणीने विचारलं.

"भिकुबाईले साठ वरीस पानी दिनं. आते बंद करू का? ती म्हनी, मन्हा काय गुन्हा?"

पहिली घागर भरून त्यांनी भिकुबाईला हाक मारली. दुसरी भरली, डांगर ठेवलं, तोंड उघडलं. सवयीने तेच नाव येऊ लागलं तसे ते थांबले.

"काय म्हनू, बाई?" त्यांनी रोहिणीला विचारलं.

नव्या मातीतून पाणी पाझरून घागरीचा रंग खालून गडद होत चालला होता.

"खापरवाली," शेवटी आबा म्हणाले. पाणी भरून पाठमोरी निघालेल्या बाईला हाक मारावी, तसे. आणि ती वळेल म्हणून दाराकडे बघत थोडं थांबले.

रोहिणीच्या लक्षात आलं, आपणही दाराकडेच बघतोय.