श्वासातला वाल

मृणालीनं पिशवीची नळी बायजाच्या ओठांशी धरली.

"फुंका मावशी. अजून. पोट पार आत जाऊ दे."

बायजानं पिशवी टम्म फुगवली आणि पदर तोंडाला लावून हसली. "माझा वारा घेऊन तू करतेस तरी काय गो?"

हा प्रश्न मृणालीच्या आवडीचा. तिची कळी लगेच खुलली. "मघाशी सरबतातून तुम्हाला खूण घातलेलं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक कण, दिलं ना? जेवणातून अंगाला हवं ते सगळं मिळालं, तर हे आम्ल अंगाच्या कामी लागतं. काही कमी पडलं, तर जळतं आणि श्वासातून बाहेर येतं. म्हणून दर वेळी वाल थोडा वाढवायचा नि श्वास तपासायचा. श्वासातली खूण उतरली की समजायचं, एवढा वाल पुरे."

"अगो बाई! म्हंजे पोटातलं सगळं वारा सांगतो?"

"सगळं!"

बायजानं पदर घट्ट ओढून घेतला.

पेणच्या रामवाडीतल्या या हॉलवर आतल्या एका गावची शेतकरी मंडळी मृणालीच्या प्रयोगासाठी दर आठवड्याला येत होती. भात आणि वालाचं बिरडं, दोन्ही तोलून वाढलेलं. माणसं जेवत तेव्हा मृणाली पिशव्यांच्या नादात असायची. वाट्या मात्र लख्ख परत यायच्या. आणि गंमत अशी, की वाल कितीही वाढवा, कुणाच्याच श्वासातली खूण उतरायला तयार नव्हती. म्हणजे इथल्या माणसांची प्रथिनांची गरज पुस्तकातल्या आकड्याहून कितीतरी जास्त! असं काही आपल्या हाती लागेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. उद्या मुंबईला तिच्या मार्गदर्शक सरांपुढे ते मांडायचं होतं. पोरीला आकाश ठेंगणं झालं होतं.

"मग माझा वारा काय बोलला?" बायजानं हळूच विचारलं.

"तुम्हाला वाल कमी पडतोय म्हणाला."

बायजाचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं शेजारी बसलेल्या नवऱ्याला, गोविंदाला, कोपरानं ढोसलं. "अवो, ऐकलंव? वाऱ्यानं चुगली केली."



"कसली चुगली?" मृणालीनं विचारलं.

बायजानं पदराआडून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत आजचं बिरडं होतं, सगळंच्या सगळं.

"रागावू नको गो. तू एवढ्या मायेनं वाढतेस, नाय कसं म्हणायचं? पण हा रोह्याच्या बाजारातला नवा वाल हाय ना? नवा वाल गावदेवीला दाखवल्याबिगर आम्ही तोंडात घालत नाय. घरी नेऊन कोंबड्यांना टाकतो."

"आणि बाकीचे?"

"सगळेच. देवी एकच ना आमची."

मृणाली मटकन खुर्चीत बसली. तिला रडू येत होतं. सरांना फोन करायला हवा होता, पण सांगणार काय, कपाळ? पिशव्यांची रांग समोर लटकत होती. त्यातली एकही खोटं बोलली नव्हती. तिला रडता रडता हसू यायला लागलं.

"पण मावशी, इतके दिवस झाले. देवीला दाखवायचं राहिलं कसं?"

बायजानं नवऱ्याला पुन्हा ढोसलं. गोविंदानं घसा खाकरला.

"अख्खं गाव जमल्याबिगर दाखवता येत नाय, ताई. देवीचा वार मंगळवार. आणि दर मंगळवारी आम्ही इथं असतो."