मुंगीची पाटी आणि बंद चक्री

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पाटी म्हटल्यावर तुम्हाला खडू आठवेल, पेन्सिल आठवेल. तशी मी नाही. माझ्यावर कुणी कधी एक अक्षरही लिहिलेलं नाही. मी हातभर लांबीची प्लायची फळी आहे. दप्तराच्या झाकणाला असते तसली, ओढली की चर्र वाजणारी चिकटपट्टी माझ्या अंगावर डावीकडून उजवीकडे लावलेली आहे. तिच्यावर चित्रं चिकटतात. खाली एक कापडी पिशवी आहे. बस, एवढीच मी. सांगण्यासारखं माझ्याजवळ काही आहे की नाही, याची मला खात्री नाही. कुणी विचारलेलंही नाही. तरी सांगते.

आधी मी एका कपाटाच्या खणाचा तळ होते. कपाट मोडलं तेव्हा बाबांनी मला बाजूला काढलं आणि करवतीनं कापलं. बाबा बेकरीची गाडी चालवतात. सुतारकाम त्यांच्या हातातलं नाही, त्यामुळे माझी एक बाजू अजून तिरकी आहे. आई दप्तरांच्या कारखान्यात शिवणकाम करते. तिथल्या कातरणातून तिनं चिकटपट्टी आणली आणि पिशवीही तिनंच शिवली.

हे सगळं मुंगीसाठी होतं. मुंगी हे तिचं घरातलं नाव. दिसेल ती वस्तू ती रांगेत लावते: चमचे, बटणं, चपला. मुंगी बोलत नाही. पुढं काय होणार हे कळलं नाही की ती स्वतःचा हात चावते. तिच्या शाळेतल्या बाईंनी आईला माझी युक्ती शिकवली. दिवसभरात जे जे व्हायचं, त्याचं चित्र ओळीनं लावायचं. दात घासणं, आंघोळ, बस, शाळा. एक गोष्ट झाली की मुंगीनं ते चित्र ओढून काढायचं आणि पिशवीत टाकायचं. मग पुढचं. जे चित्र लागलं ते होणारच, आणि झाल्याशिवाय ते पिशवीत जाणार नाही. माझा सगळा धर्म एवढाच.

माझं कौतुकही झालं. बाईंनी मला शाळेत नेऊन इतर पालकांना दाखवलं. एक आजोबा चष्मा सरसावून म्हणाले, "अशी एक मलाही करून द्या. मीही विसरतो." सगळे हसले. आई हसली नाही, पण तिनं मला पदरानं पुसलं. तिच्या बाबतीत ते पुष्कळ होतं.

आई तेव्हाही फारशी हसत नसे. रडतही नसे. काम करताना तिचा चेहरा भिंतीसारखा असे. वाईट वाटून घ्यायला लागणारी ताकद तिनं कुठंतरी शिल्लक टाकली होती आणि मग ती कुठं ठेवली तेच विसरली, असं मला वाटे. माझा अंदाज चुकीचाही असेल. मी फळी आहे.

मुंगीला एक धाकटा भाऊ आहे, हत्ती. त्याच्या पायांत बळ नाही, म्हणून तो चाकांच्या खुर्चीत असतो. अंगानं भरलेला, आणि तोंड मात्र दिवसभर चालू. बहिणीच्या वाटचंही तोच बोलतो, असं बाबा म्हणत. त्याच्या वर्गातली मुलं थीम पार्कला जाऊन आली आणि त्या दिवसापासून त्यानं घर डोक्यावर घेतलं. तिथं म्हणे एक होडी होती. ती अंधाऱ्या बोगद्यातून जाई आणि शेवटी धाडकन पाण्यात पडे.

"बघू," आई म्हणाली.

"तुझं बघू म्हणजे नाही," हत्ती म्हणाला.

 पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आईनं पार्कला फोन लावला, आणि संध्याकाळी बाबांना एकेक सांगितलं. रविवारी जायचं नाही, गर्दी आणि भाव दोन्ही दुप्पट. मधल्या वारी जायचं. अपंगत्वाचा दाखला दाखवला की प्रत्येक मुलामागं एका मोठ्या माणसाला तिकीट माफ.

"म्हणजे आमच्यामुळं तुम्ही दोघं फुकट," हत्ती म्हणाला. "आता मला ओरडायचं नाही."

"त्या दिवसापुरतं," बाबा म्हणाले.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर चालतं. मुंगी फक्त पांढरं खाते. भात, उकडलेला बटाटा, पावाचा मधला भाग. चिठ्ठी तिच्या नावानं मिळाली आणि डबा चौघांचा झाला. रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून हातात बांधायची पट्टी मिळणार होती. आईनं फोनवर विचारलं होतं, "बसायला शांत खोली आहे का?" पलीकडची मुलगी म्हणाली होती, "मॅडम, आमच्याकडं शांत असं काहीच नसतं." आणि होडीचा एक नियम होता. मुलाला उचलून होडीत ठेवायला घरची दोन मोठी माणसं हवीत. पार्कची माणसं हात लावणार नाहीत. शेवटची फेरी चार वाजता.

बाबांनी बेकरीच्या मालकाकडून महिनाभर आधी रजा मागून घेतली. आईनंही मागितली. दोघांना एकाच दिवशी रजा मिळणं ही वर्षातून एकदा घडणारी गोष्ट. तो दिवस गेला असता तर दुसरा नव्हता.

मग माझं काम सुरू झालं. आईनं पार्कची चित्रं मिळवली, छापून घेतली, त्यांना प्लॅस्टिकचं आवरण चढवलं. बस. मोठं दार. डबा. घोड्यांची चक्री. होडी. बस. घर. चक्री मुंगीसाठी होती, कारण घोडे एकामागं एक रांगेत फिरतात. रोज संध्याकाळी आई मला स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून मुंगीला ती ओळ दाखवी. मुंगी घोड्यावर बोट ठेवून बसून राही. कधी कधी भात निवून जाई.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आई जी चित्रं करत असे ती फक्त होणाऱ्या गोष्टींची. जे परवडणार नव्हतं, जे जमणार नव्हतं, त्याचं चित्रच ती करत नसे. खेळण्यांचं दुकान माझ्यावर कधी आलं नाही. आईस्क्रीम आलं नाही. मुंगीला 'नाही' सांगावं लागू नये म्हणून तिनं काढलेली ही वाट होती. बाईंनी एकदा सुचवलंही होतं, "एखादं 'नाही'चं कार्ड करा." आई म्हणाली होती, "करते." केलं नाही. मुंगीचा चावलेला हात कितीदा बघायचा, यालाही काही हद्द असते.

ठरलेल्या दिवशी आम्ही निघालो. मी आईच्या गळ्यात दोरीनं अडकवलेली होते. बस वेळेवर आली. दार चित्रातल्यासारखंच होतं. मुंगीनं एकेक चित्र काढून पिशवीत टाकलं. डबाही झाला. आई एकदा बाबांना हळूच म्हणाली, "जमतंय." मग ती चक्रीपाशी गेली आणि थांबली.

चक्री बंद होती. घोडे जागच्या जागी उभे होते. भोवती दोर बांधलेला, मधल्या खांबाचं झाकण उघडं, आणि त्यात डोकं खुपसून एक मिस्त्री बसला होता. त्याच्या बाजूला फडक्यावर स्क्रू काढून ठेवलेले होते.

"अहो, कधी सुरू होईल?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही," मिस्त्री डोकं न काढता म्हणाला.

बाबांनी आईकडं पाहिलं. आईनं माझ्याकडं. पुढचं चित्र होडीचं होतं, आणि होडीला दोघंही हवे होते. पण घोड्याचं चित्र अजून माझ्यावर होतं.

"चल ना आई, होडी," हत्ती म्हणाला. "तिचा घोडा नंतर."

मुंगी हलली नाही. तिनं दोर दोन्ही हातांनी धरला होता.

मग आईनं ते केलं. मुंगी पलीकडं बघत असताना तिनं घोड्याचं चित्र ओढलं आणि पिशवीत टाकलं. चर्र असा आवाज झाला. मुंगी वळली. पिशवीत हात घालून तिनं ते बाहेर काढलं आणि पुन्हा जागेवर लावलं. आईनं पुन्हा काढलं. "झालं हं घोडा, बघितला ना, झाला," असं ती म्हणाली. मुंगीनं पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी मुंगीनं मला दोन्ही हातांनी आईच्या गळ्यातून ओढून काढून जमिनीवर आपटलं आणि स्वतःचा हात तोंडात घातला.

मला लागलं का, असं विचाराल तर नाही. पण तीन वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच खोटं घडलं होतं, हे मला कळलं.

बाबा म्हणाले, "मी धरतो तिला. तू याला घेऊन जा."

"दोघं लागतात," आई म्हणाली.

"कुणाला तरी विचारू."

"विचारलं. नाही म्हणाले."

हत्तीनं बहिणीच्या हाताकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "राहू दे. होडीत पाणी उडतं, मला सर्दी होईल." आईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती जमिनीवर मुंगीशेजारी बसली, तिचा हात तोंडातून काढून आपल्या हातात धरून ठेवला. तीन वाजले. सव्वातीन. आईचा चेहरा नेहमीसारखा भिंतीसारखा. मला वाटतं, त्या वेळी तिला काहीच वाटत नव्हतं. माणसाला काहीच वाटेनासं होतं, अशीही एक जागा असते.

मग मुंगी आईच्या हातातून हात सोडवून दोराखालून आत गेली. कुणी अडवायच्या आत ती मिस्त्रीपाशी जाऊन उभी राहिली आणि फडक्यावरचे स्क्रू बघू लागली.

"उजेडातून बाजूला हो," मिस्त्री म्हणाला. ती बाजूला झाली. त्यानं मान वर केली. त्याला तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. ती बोलत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "घोड्यावर बसायचंय ना? मोटर जळलीय. हे बघ, काळी पडलीय. वास घे. आज नाही फिरायची. उद्याही नाही. नवी आणावी लागेल."

मुंगीनं वाकून वास घेतला. नाक आक्रसलं. मग ती त्या काळ्या मोटरीकडं पुष्कळ वेळ बघत राहिली. मिस्त्री पुन्हा कामाला लागला.

मित्रांनो, सकाळपासून किती माणसं तिच्या डोक्यावरून बोलली होती. आज चक्री फिरणार नाही, हे तिच्याकडं बघून आईनं सांगितलं नव्हतं, बाबांनी नाही, मीही नाही. मला तर ते सांगताच येत नव्हतं. माझ्यावर तसं चित्रच नव्हतं.

मुंगी दोराखालून परत आली. तिनं मला जमिनीवरून उचललं. घोड्याचं चित्र ओढलं. पिशवीत टाकलं नाही. ते दोराशेजारच्या लोखंडी खांबाला टेकवून ठेवलं आणि होडीच्या चित्रावर बोट ठेवलं.

चार वाजायला पंधरा मिनिटं होती. खुर्ची ढकलत बाबा पळाले. दोघांनी मिळून हत्तीला उचलून होडीत ठेवलं. बाबा त्याच्याजवळ बसले. आई आणि मुंगी काठाला उभ्या राहिल्या. होडी बोगद्यातून आली आणि धाडकन पाण्यात पडली. आईच्या चेहऱ्यावर पाणी उडालं. तिनं ते पुसलं नाही. हत्ती भिजून बाहेर आला आणि म्हणाला, "सर्दी झाली तरी चालेल."

बसमध्ये बाबांनी विचारलं, "कसं झालं गं?"

"झालं," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

त्यानंतर पंधरा दिवस मुंगी माझ्याजवळ फिरकली नाही. आई चित्रं लावी. मुंगी माझ्याकडं पाठ करून बसे. मी फ्रिजच्या बाजूला टेकून उभी होते. माझ्यावर भाताची शितं वाळली. ते दिवस मला आठवतात, पण त्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सोळाव्या दिवशी आईनं एक नवीन चित्र केलं. बाबांनी त्या दिवशी फोनमध्ये काढलेला एक फोटो होता: दोर बांधलेली, थांबलेली चक्री. आईनं तो छापून आणला, आवरण चढवलं, पाठीला चिकटपट्टी लावली. मग ती मुंगीच्या समोर बसली आणि म्हणाली, "हे म्हणजे नाही. जे होणार नाही, तिथं मी हे लावणार. तुला आधी सांगणार." मुंगीनं ते चित्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कंगवा घेऊन तिच्यामागं बसली. माझ्यावर केस विंचरण्याचं चित्र होतं. ते नेहमीच असे. मुंगी नेहमी डोळे मिटून, दात आवळून ते सोसत असे. त्या दिवशी ती उठली, माझ्यापाशी आली आणि केसांचं चित्र काढलं. त्याच्या जागी थांबलेली चक्री लावली आणि मला उचलून आईसमोर धरलं.

आई पाहत राहिली. ती हसली नाही, रडलीही नाही. तिनं कंगवा खाली ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "आज नाही."

मित्रांनो, आता माझी चिकटपट्टी तंतूंनी भरली आहे आणि नीट धरत नाही. मुंगी मोठी झाली. तिच्या हातात आता चित्रांचा फोन असतो आणि मी कपाटाच्या मागं असते. मला त्याचं वाईट वाटत नाही, किंवा वाटत असलं तरी मला ते ओळखता येत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पाटी असेल तर आठवड्यातून एकदा जुन्या ब्रशनं तिची पट्टी झाडा, म्हणजे चित्रं गळणार नाहीत. आणि कुणासाठी सहलीचा बेत आखाल तेव्हा न जमणारी गोष्टही त्याला सांगा, त्याच्याकडं बघून सांगा. त्यालाही तुम्हाला 'नाही' म्हणता येईल असं एक चित्र त्याच्या हाताशी असू द्या.