क्विलन रिजच्या यादीतले नाव

मित्रांनो, मी एक जुना, हिरवा, पत्र्याचा डबा आहे, आणि आधीच कबूल करून टाकतो, मी भित्रा आहे. गंजाला मी भीत नाही, आपटण्यालाही नाही. मला भीती वाटते ती तारखांची. माझ्या पोटात कार्डे असतात, कार्डांवर तारखा असतात, आणि एखादी तारीख हुकते आहे हे दिसत असूनही मला हाक मारता येत नाही. असा धाक घेऊन मी किती वर्षे काढली ते ऐका. माझ्या गोष्टीत द्राक्षाची दारू आहे म्हणून कुणी नाक मुरडू नका, मी स्वतः कधी थेंबही चाखलेला नाही.

ओहायोतल्या एका कारखान्यात यंत्राने मला चेपून, दुमडून आकार दिला. उत्तरेकडच्या थंडगार डुलूथ गावातल्या एका दुकानातून ओरिन ट्वेट नावाच्या तरुणाने मला उचलले. तो घरोघर जाऊन पियानो सुरात लावून द्यायचा. प्रत्येक पियानोचे एक कार्ड: कोणती तार सैल पडते, कुठल्या घरातले कुत्रे चावते, पुन्हा केव्हा जायचे. अडतीस वर्षे मी हे सारे सांभाळले. लोक त्याच्या कानाची तारीफ करत, आणि तो माझ्या झाकणावर टिचकी मारून म्हणे, "कान माझा, पण डोकं याचं!" तेव्हा मी अगदी फुलून जाई.

एकदा एका गिऱ्हाइकाने खूश होऊन त्याला एक बाटली दिली. कॅलिफोर्नियातल्या क्विलन रिज नावाच्या छोट्या वाइनरीची. पहिल्या घोटानंतर ओरिन इतका वेळ गप्प बसला की त्याची बायको लॉर्ना घाबरली. लॉर्ना शाळेची बस चालवायची, तिचा आवाज पाच घरांपलीकडे ऐकू जाई.

"काय झालं? घशात अडकलं का?" ती ओरडली.

"हा स्वर कुठं मिळतो ते शोधायला पाहिजे," ओरिन म्हणाला.

तो स्वर दुकानात मिळत नव्हता. ती वाइनरी फक्त आपल्या यादीतल्या लोकांनाच माल देई, आणि यादीत शिरायला आधी रांगेत नाव लावावे लागे. ओरिनने नाव लावले आणि सात वर्षे वाट पाहिली. यादीत जागा झाल्याचे पत्र आले त्या दिवशी तो स्वयंपाकघरात नाचला. लॉर्ना म्हणाली, "राष्ट्राध्यक्षांनी जेवायला बोलावल्यासारखा काय करतोस? द्राक्षाचा आंबट रसच ना तो!" पण तिनेच त्या दिवशी त्याच्यासाठी ब्लूबेरी भरलेला गोड 'पाय' भाजला.

तोवर ओरिन निवृत्त झाला होता. पियानोंची कार्डे माझ्या मागच्या भागात गेली आणि पुढे क्विलन रिजचे कार्ड आले. त्यावर त्याने लाल शाईने लिहिले: वर्षातून दोनदा पत्र, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात. पत्र आल्यापासून दहा दिवसांत मागणी नोंदवायची. वाट्याला सहा बाटल्या. एकदा जरी घ्यायचे राहिले तर नाव बाद, पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि खाली दोन रेघा मारून: पेटी केव्हा पाठवायची ते आपण कळवायचे, फक्त एप्रिल किंवा ऑक्टोबर. आमच्याकडे हिवाळ्यात बाटली गोठते आणि उन्हाळ्यात ट्रकमध्ये शिजते, म्हणून ही खबरदारी. न कळवल्यास ते लोक आपल्या सोयीने पाठवून देत.

सहातल्या तीन बाटल्या शेजारच्या व्हर्जिलच्या. व्हर्जिल पूर्वी बोटीवर इंजीन सांभाळायचा. दर फेब्रुवारीत तो कुंपणावरून विचारी, "काय रे, तुझ्या प्रेयसीचं पत्र आलं का?" ओरिन उत्तर देई, "आलं, आणि तुझी आठवणसुद्धा काढलेली नाही." अकरा वर्षे एकही तारीख हुकली नाही. व्हर्जिल म्हणे, "या डब्याला पगार चालू कर."

मग ओरिनच्या मुलीने संगणकात एक तक्ता करून दिला. तो म्हणे आपणहून आठवण करून देतो. माझी रवानगी कपडे धुण्याच्या यंत्रावरच्या फळीवर झाली. कार्डे तशीच पोटात होती, वर सुट्या गुंड्या पडत. यंत्र गरगरले की मीही थरथरे. दोन वर्षे कुणी विचारले नाही. वाईट वाटले, पण खरे सांगतो, थोडे हायसेही वाटले. आता तारखांची जबाबदारी त्या तक्त्याची होती.

एका सकाळी ओरिनने मला खाली काढले, गुंड्या ओतल्या आणि टेबलावर मांडले. मला वाटले, माझी किंमत कळली वाटते! पण तो संगणकासमोर बराच वेळ चाचपडून माझ्याकडे आला होता. संगणकातला तक्ता कसा उघडायचा हेच त्याला आठवत नव्हते. हे कुणाला कळू नये म्हणून त्याने मला जवळ केले होते.

तिथून माझा जीव टांगणीला लागला. तो क्विलन रिजचे कार्ड लिही, मग आठवड्याने तेच कार्ड पुन्हा नव्याने लिही. माझ्या पोटात एकाच मजकुराची तीन कार्डे झाली. एकदा त्याने मागून एका पियानोचे कार्ड काढले आणि त्या पियानोच्या मालकीण हेडस्ट्रॉमबाईंना फोन लावला, "मी मंगळवारी येतो." पलीकडे कुणी परकेच बोलत होते. हेडस्ट्रॉमबाई जाऊन नऊ वर्षे झाली होती. फोन ठेवून तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला त्याच्याहून जास्त भीती वाटली असेल, किंवा कदाचित नसेलही.

सप्टेंबरचे पत्र आले. त्याने मागणी नोंदवली तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकणार होतो. पण त्याने आधी कार्डावर लिहिले, 'ऑक्टोबर, कळवले', आणि मग चहा करायला उठला. कळवायचे राहूनच गेले. मी टेबलावर बसून ओरडत होतो, पण डब्याचे ओरडणे कुणाला ऐकू येते?

ऑक्टोबर कोरडा गेला, पेटी आली नाही. जानेवारीत, बाहेर उणे तीस अंश असताना, कुरियरवाला पेटी घेऊन दारात आला. ओरिनने सही केली, पेटी गॅरेजमध्ये ठेवली आणि ती विसरला. तिसऱ्या दिवशी लॉर्ना बर्फाचे फावडे आणायला गेली, ती पेटी उचलूनच आत आली.

"ओरिन! हे काय आहे?"

सगळी बुचे गोठलेल्या दारूने वर ढकलली होती. एक बाटली मानेपाशी तडकली होती. व्हर्जिलला बोलावले, त्याने बाटली हलवून पाहिली.

"अरे, ही वाइन आहे की बर्फाचा गोळा? काडी खोचून चोखायची का?"

"कुरियरवाल्याची चूक," ओरिन घाईने म्हणाला. "मी ऑक्टोबर कळवलं होतं. कार्डावर आहे. दाखवतो."

त्याने झाकण उघडले. लॉर्नाने त्याच्या खांद्यावरून पाहिले, आणि एकापाठोपाठ एक तीन सारखी कार्डे तिच्या हाती आली. तिने व्हर्जिलकडे पाहिले. व्हर्जिलने टोपी घातली आणि तो घरी गेला. लॉर्ना त्या दिवशी ओरडली नाही. मित्रांनो, तिच्या ओरडण्याची मला कधी भीती वाटली नव्हती, पण त्या शांततेने मी गारठलो.

फेब्रुवारीत पत्र आले. दहा दिवस, शुक्रवारी दुपारी बाराला मुदत संपणार. रोज वाटे, आज तो मागणी नोंदवायला बसेल. सोमवार गेला, मंगळवार गेला. गुरुवारी लॉर्ना किराणा आणायला गेली असताना त्याने एक कार्ड काढले, खिशात घातले आणि दुसऱ्या खोलीत गेला. कार्ड परत आले नाही. माझी खात्रीच पटली, आता ते खिशातून कपड्यांबरोबर धुऊन निघणार.

शुक्रवारी सव्वाअकराच्या सुमारास लॉर्ना काहीतरी शोधत माझ्यापाशी आली. उरलेल्या दोन कार्डांपैकी एक तिने पहिल्यांदाच नीट वाचले. 'एकदा जरी घ्यायचे राहिले तर नाव बाद.' तिने घड्याळाकडे पाहिले. संगणकाचा परवलीचा शब्द तिला ठाऊक नव्हता. ओरिन बाहेर व्हर्जिलबरोबर पायऱ्यांवरचा बर्फ खरवडत होता. त्याला विचारावे तर त्याला आठवेल का, आणि आठवले नाही तर तो कसा कोसळेल, हे सगळे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. अखेर तिने कार्डावरचा नंबर फिरवला.

"मी ओरिन ट्वेटची बायको बोलतेय. त्याची ऑर्डर राहिलीय. अजून अर्धा तास आहे ना? पैसे माझ्या बँकेच्या कार्डावरून घ्या, काय हवं ते घ्या, पण त्याचं नाव कापू नका. सात वर्षं थांबलाय हो तो त्या नावासाठी!"

फोनवर पिलार नावाची बाई होती. ती यादी सांभाळायची.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "त्यांनीच काल फोन केला होता. म्हणाले, माझं नाव काढा, रांगेतल्या पुढच्या माणसाला जागा द्या. मी खूप समजावलं. ते म्हणाले, मी आता विसरायला लागलोय. माझ्याकडून राहून जाण्याआधी, शुद्धीवर असताना, मीच सोडतो."

लॉर्ना खुर्चीवर बसली. दारात ओरिन उभा होता, बुटांना बर्फ चिकटलेला.

"त्या बाईला सांगितलंस?" लॉर्ना म्हणाली. "तोंडसुद्धा पाहिलं नाहीस तिचं. आणि मला नाही?"

"तिला सांगणं सोपं होतं," ओरिन म्हणाला. "ती माझ्यासमोर जेवायला बसत नाही."

"गाढवा," लॉर्ना म्हणाली. "मी जानेवारीपासून वाट बघतेय, तू कधी सांगशील म्हणून."

फोन अजून चालूच होता. लॉर्नाने नाक पुसले आणि तो कानाला लावला. "पिलारबाई, रांगेच्या शेपटाला माझं नाव घाला."

"मॅडम, सात-आठ वर्षं लागतील."

"लागू देत."

"तू तर पीत नाहीस!" ओरिन म्हणाला.

"आठ वर्षांत शिकेन. तुझी आठवण काढायला कुणी तरी शुद्धीवर नको का?"

तो हसला. मग दोघेही रडले, आणि मी टेबलावर बसून पाहत राहिलो.

मित्रांनो, आता माझ्यातली कार्डे लॉर्ना लिहिते, आणि लिहिताना त्याला शेजारी बसवते. गोळ्या केव्हा घ्यायच्या, डॉक्टर कधी, व्हर्जिलचे घर कुठले. तुमच्या घरी कुणी एकच गोष्ट दोनदा सांगत असेल, दोनदा लिहीत असेल, तर हसू नका, त्यांच्या हातातून हिसकावूनही घेऊ नका. त्यांना तुमच्याआधी कळलेले असते आणि ते तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेले असतात. त्यांच्याजवळ बसा, आणि सांगायला फार उशीर होऊ देऊ नका.

परवा ओरिन झोपला असताना लॉर्नाने एक कार्ड एकटीने लिहिले आणि सगळ्यांच्या पुढे ठेवले. मी ते वाचले आहे. 'मी लॉर्ना. तुझी बायको. घाबरू नकोस, इथेच आहे.' त्यावर तारीख नाही. ते बाहेर काढण्याचा दिवस कुठला असेल, हे मला कुणी सांगितलेले नाही, आणि रोज सकाळी झाकण उघडले की मी ते कार्ड घट्ट धरून ठेवतो.