खाडीत हात करावा लागतो

सांगते, पण मध्ये बोलायचं नाही. मला वेड लागलंय असं ज्याला म्हणायचंय त्याने आत्ताच उठून जावं.

मी संघरत्ना, भिवंडीची. माझी मैत्रीण मृणाली खाडीकाठच्या गावची, रेती काढणाऱ्या नामाची मुलगी. जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात आम्ही दोघी जाहिरातींसाठी कुकरचे आणि चपलांचे फोटो काढायचो. डोकं उठायचं नुसतं. म्हणून सुट्टी मिळाली की शिडाच्या होड्यांचे फोटो काढायला पळायचो. लोक हसायचे. हसू देत. शेवटी एका सेलिंग क्लबने कळवलं, आमच्या होड्या तुमच्या खाडीत सरावाला येतायत, फोटो आवडले तर सगळ्या मोसमाचं काम तुम्हा दोघींना.

मृणालीचे काका हिरामण आम्हाला त्यांच्या होडीतून घेऊन निघाले. भर दुपार, भरतीचं पाणी, वारा झकास. खाडीत एक रीत आहे. समोरच्या होडीतल्याने हात केला की आपणही करायचा.

"न्हाय केला त ती होडी जवळ येते," काका म्हणाले. "इचारायला. रागावलास का रं बाबा, म्हणून."

"काका, आमचे दोन्ही हात कॅमेऱ्याला. आमच्या वाटचा तुम्हीच करा," मी म्हटलं. ते हसले आणि क्लबच्या पाचही होड्यांना त्यांनी हात केला.

या कामात एक डोळा कॅमेऱ्याला लावायचा आणि दुसरा उघडा ठेवायचा, नाहीतर कुठली होडी येऊन आदळेल कळत नाही. तशीच मी बघत होते. उघड्या डोळ्याला पाच शिडं दिसत होती. कॅमेऱ्यातल्या डोळ्याला सहा.

काच पुसली. तरी सहाच. सहावं शीड मळकं, मागावरच्या जाड्याभरड्या कापडाची ठिगळं लावलेलं. त्याखाली एक माणूस उभा, हात वर केलेला. कॅमेरा खाली घेतला तर तिथे नुसतं पाणी.

"मृणाली, तुला दिसतंय का गं?"

"गप्प बस." ती धडाधड फोटो काढत होती. "आईने शिवलेलं शीड आहे ते. त्या ठिगळांचं ती अजून सांगते."

मृणाली रांगत होती तेव्हा नामाकाका होडीसकट या खाडीत गेले. ना होडी सापडली, ना ते. घरात त्यांचा एक फोटो नाही, होते ते पुरात गेले. या पोरीने कॅमेरा हातात धरला तोच त्यापायी. आपला बाप दिसायचा कसा, हेच तिला माहीत नाही.

"काका, तिकडे हात करा!" मी ओरडले.

"कोनाला? तिथं कोन हाय?"

"काका, करायचा नाही!" मृणाली म्हणाली.

कॅमेऱ्यात ती होडी जवळ येत होती. माणसाच्या तोंडावर शिडाची सावली, चेहरा काही दिसेना. मृणाली गुडघे टेकून होडीच्या कडेवरून पुढे वाकली. "अजून थोडं, बाबा. अजून थोडं." आमची होडी तिच्या बाजूला कलली. उघड्या डोळ्याने मी पाहिलं. तिच्या हाताशेजारी, लाकडी कडेवर ओल्या बोटांचे ठसे उमटत होते.

मला दुसरं काही सुचलंच नाही. कॅमेरा सोडला आणि रिकाम्या पाण्याकडे बघून हात वर केला. आमची होडी एकदम सरळ झाली.

"भवाने, कशाला केलास!" मृणाली किंचाळली. "आता दिसणार होतं त्याचं तोंड!"

हिरामणकाकांनी ते ठसे बघितले आणि होडी वळवली. मृणालीच्या शेवटच्या फोटोत तो माणूस पाठमोरा आहे, हात खाली घेतलेला.

काम मिळालं. क्लबला फोटो फार आवडले. मृणाली मात्र माझ्याशी बोलायची बंद झाली, आणि खरं सांगते, मला रोज रडू यायचं. काल संध्याकाळी ती आपणहून घरी आली. नवी लांबलचक, जड लेन्स तिने माझ्या मांडीवर ठेवली.

"उद्या परत आपल्याच खाडीत सराव आहे," ती म्हणाली. "ही तू वापर. हिला दोन्ही हात लागतात."

मला भीती वाटली. फार वाटली. आतल्या खोलीत माझे पप्पा खोकत होते, चहा कुठेय म्हणून हाका मारत होते. मृणाली ते ऐकत बसली होती.

मी लेन्स घेतली.