सफरचंदाखालची पालथी होडी

मी एक जुनी होडी आहे. दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या चिलोए बेटाच्या आतल्या किनाऱ्यावर, एका सफरचंदाच्या झाडाखाली पालथी पडून आहे. माझा निळा रंग आता फक्त टोकापाशी उरला आहे.

मित्रांनो, मला बाउदिलिओ सुताराने घडवले. एलिओदोरो माझा धनी. त्याच्याबरोबर मी समोरच्या बेटावर बटाट्यांची पोती नेली, मेंढ्या नेल्या, एकदा तर अख्खी नवरी नेली. एलिओदोरोच्या होडीला वाट पाठ आहे, असे लोक म्हणत. ते ऐकून मला फार बरे वाटे.

पण खरे सांगते, माझी तळाची एक फळी गळत असे. वल्ही मारणाऱ्या एलिओदोरोला त्याचे फारसे काही वाटत नसे, कारण पाणी उपसायचे काम त्याची बायको रुदेसिंदा करी. दर फेरीला ती पत्र्याच्या डब्याने पाणी उपसत राही आणि फळी बदला म्हणून सांगत राही. तो म्हणे, बटाटे निघू देत, मग बघू.

बटाटे निघाले, पण फळी तशीच राहिली. पोती पोचवायला निघालो त्या दिवशी रुदेसिंदा तापाने घरी होती. त्यांची अकरा वर्षांची लेक ओतिलिया, आई नको म्हणत असतानाही, हट्ट करून बापाबरोबर निघाली. परतताना दुपारी वारा फिरला. पाणी वरूनही आले आणि खालूनही, आणि मी उलटले. एलिओदोरोने लेकीला माझ्या पाठीवर ढकलले, तिच्या मनगटाला दोरीचा वेढा घातला आणि कानाशी काहीतरी बोलला. मग लाट आली. पुढच्या लाटेला तो नव्हता.

संध्याकाळपर्यंत ती पोर मला बिलगून होती. तिच्या छातीची धडधड माझ्या लाकडात उतरत होती. शेजाऱ्यांनी आम्हा दोघींना काठाला आणले. रुदेसिंदाने लेकीला उचलले आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

त्यानंतर नऊ वर्षे मी कोरडीच. कोंबड्या माझ्या आडोशाला अंडी घालत, तेवढीच सोबत. आई बाजाराला गेली की ओतिलिया येई आणि माझ्यावर गाल टेकून बसे. मायलेकी त्या दिवसाबद्दल एकमेकींशी कधीच बोलल्या नाहीत. मला दोघींचेही कळत होते, पण सांगायला तोंड नव्हते. याहून मोठे एकटेपण मी पाहिले नाही.

मग एका हिवाळ्यात रुदेसिंदाने बाउदिलिओला करवत घेऊन बोलावले. चुलीला लाकूड हवे होते. म्हातारा माझ्यासमोर उगाचच करवतीला धार लावत बसला. तेवढ्यात ओतिलिया आली आणि माझ्यावर बसलीच.

"ऊठ," आई म्हणाली. "हिनं बाप खाल्ला तुझा."

"मला हिनंच वाचवलं."

"तू एक दिवस होतीस हिच्यावर. मी सहा वर्षं हिचं पाणी उपसलंय. फळी बदला, फळी बदला, सांगून सांगून घसा बसला माझा."

"कुठली फळी?" ओतिलियाने विचारले.

रुदेसिंदाने पायानेच दाखवली. ओतिलियाने त्या फळीवर हात ठेवला.

"बाबा शेवटी म्हणाले होते, आईला सांग, तिचं बरोबर होतं. मला वाटलं, मला न्यायलाच नको होतं, असं म्हणायचंय त्यांना. हट्ट मीच केला होता. म्हणून नाही सांगितलं तुला."

रुदेसिंदा ओल्या गवतात लेकीशेजारी बसली. तिने विचारले, "फार थंडी वाजली का गं तेव्हा तुला?"

नऊ वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारले. बाउदिलिओ करवत खांद्यावर टाकून निघून गेला.

मी जळले नाही, पण पाण्यातही परत गेले नाही. ओतिलिया पुढे दक्षिणेला नोकरीला गेली. रुदेसिंदाला मी आजही आवडत नाही, आणि तसे वाटण्याचा तिला हक्क आहे. दरवर्षी ती माझ्यावर डांबर मात्र चढवून घेते, लेकीसाठी. स्वतः हात लावत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखाद्या जुन्या वस्तूवरून दोन माणसे भांडू लागली, तर कोण खरे हे ठरवायची घाई करू नका. तेव्हा तुम्ही कुठे होता, तुमच्या वाट्याला काय आले, एवढे दोघांनाही विचारा. माणसे आहेत तोवरच विचारा. आम्हा लाकडांना सगळे ठाऊक असते, पण आम्हाला बोलता येत नाही.