ब्रेकला तेल कोणी घातलं?

मित्रांनो, मी एका जुन्या रेसर सायकलचा पुढचा ब्रेक आहे. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. कोणी जवळ येऊन गोड बोलू लागलं की मला वाटतं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. पण माझं कामच तसं आहे. सायकलच्या बाकी सगळ्या भागांना पुढे जायची घाई असते. पुढे काय वाढून ठेवलंय, याची काळजी मला एकट्यालाच.

मी एका कारखान्यात जन्मलो. माझी रचना अगदी साधी. चाकाच्या दोन्ही बाजूंना माझे दोन हात आणि प्रत्येक हाताला एक रबर. हँडलवरचा दांडा दाबला की तार ओढली जाते आणि मी चाकाची धातूची कड, म्हणजे रिम, दोन्हीकडून धरतो. एका घड्याळजींनी ही सायकल हौसेने घेतली आणि वीस वर्षं चालवली. चारचौघांत ते माझं कौतुक करत. मला तेव्हाही वाटे, यांना आणखी काहीतरी हवं असणार. पण त्यांनी कधीच काही मागितलं नाही; ते खरंच कौतुक होतं, हे घड्याळजी वारल्यावर कळलं.

मग सायकल त्यांच्या लेकीकडे आली. ती नर्स आहे. सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. तिचं घर टेकडीवर आणि इस्पितळ खाली. सकाळच्या पाळीला ती मोठा उतार उतरून जाते आणि उतार संपतो तो थेट गजबजलेल्या चौकात. तिथे मी वेळेवर धरलं नाही, तर ताईचं काही खरं नाही.

ताईच्या मोठ्या भावाने, दादाने, नवी सायकल घेतली आणि माझी झोप उडाली. तिला डिस्क ब्रेक. चाकाच्या मधोमध चकचकीत तबकडी आणि तिला पकडणारा छोटासा चिमटा. दादा आला की ती आमच्या शेजारी जिन्याखाली उभी राही. ती कधी चकार शब्द काढत नसे. मला तर तिच्या गप्प बसण्याचाच संशय येई.

दादाचं एकच पालुपद. "तायडे, पावसात हे रबर घसरतं. डिस्क लावून घे. बाबांची सायकल आहे म्हणून जीव धोक्यात घालणार का?"

ओल्या रिमवरचं पाणी पुसायला मला क्षणभर लागतो, हे खरं आहे. पण ते असं गावभर सांगत सुटायची काय गरज होती? हा दादा मला घालवायलाच टपलाय, असं मी मनाशी पक्कं केलं.

त्याच सुमारास मी ओरडू लागलो. माझ्या डाव्या रबरात धातूची एक कपची रुतली होती आणि रिमवर ओरखडे पडत होते. 'बघा, इथे काहीतरी बिनसलंय' हे सांगायला माझ्याकडे दुसरं तोंड नव्हतं. रस्त्यात लोक वळून बघत. ताईला ओशाळल्यासारखं होई.

एका रविवारी दादा जेवायला आला होता. मी जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभा होतो. पाठीमागून कोणीतरी आलं. हातात रबरी मोजे. माझ्या रबरांवर तेलाचे थेंब पडले आणि मागच्या ब्रेकवरही. माझं ओरडणं बंद झालं. संशयाची पाल चुकचुकली ती दादाबद्दलच. त्याच्याशिवाय कोणाला फायदा होता?

दुसऱ्या दिवशी ताई उताराला लागली. चौकात कचऱ्याची गाडी आडवी येत होती. ताईने दोन्ही ब्रेक दाबले. मी जीव खाऊन रिम धरली, पण ओल्या साबणासारखी ती हातातून निसटत राहिली. इतका मी आयुष्यात घाबरलो नव्हतो. ताईने पाय खाली घासत सायकल कडेच्या झुडपात घातली. तिचं कोपर सोलवटलं. गाडी दोन हातांच्या अंतरावरून निघून गेली.

संध्याकाळी दादा आम्हाला मेकॅनिककाकांकडे घेऊन गेला. "आजच डिस्क बसवा," तो म्हणाला.

काकांनी मान हलवली. "हिला डिस्क बसवायची सोयच नाही. सांगाडा बदला, चाकं बदला, ब्रेक बदला. मग बाबांची म्हणून उरेल फक्त सीट."

"मग ही भिंतीला टांगू. मला बहीण हवीय," दादा म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. नाटक चांगलं करतो, असं मला वाटलं.

काकांनी रिमवर बोट फिरवलं आणि वास घेतला. "ह्याला तेल कोणी घातलं?"

मी कान टवकारले. आता सापडला चोर.

"मी," ताई खाली बघत म्हणाली. "वॉर्डात खाटेचं चाक कुरकुरलं की आम्ही तेलच घालतो, पेशंटची झोप मोडते ना. मला वाटलं, हेही तसंच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मी भलत्याच माणसावर डोळा ठेवून होतो.

"डिस्कला तेल लागलं असतं तरी हेच झालं असतं," काका म्हणाले. दादाच्या सायकलची तबकडी शेजारीच होती. तेलापुढे तीही माझ्यासारखीच हतबल, म्हणून मला तिची पहिल्यांदाच कीव आली. काकांनी माझी रबरं काढली आणि ती कपची तळहातावर ठेवून दाखवली. "हा ओरडत होता तो ह्याच्यामुळे."

मग मला पावसात चांगली धरणारी लांब रबरं मिळाली, नवी तार मिळाली. मागच्यालाही मिळाली. काकांनी स्पिरिट मागितलं तर ते ताईच्या पर्समध्येच निघालं. इंजेक्शनआधी दंड पुसतात तशी तिने कापसाने रिम पुसली.

"पण हा पुरेल ना?" दादाने विचारलं.

"पावसात डिस्क सरसच, खोटं कशाला बोलू? पण उतारावर ताई आधीपासून हळूहळू दाबत आल्या, तर हा त्यांना थांबवेल."

सकाळी पाऊस भुरभुरत होता. उताराच्या तोंडाशी ताई खाली उतरली. मला दाबून तिने सायकल पुढे ढकलून पाहिली. मग मागच्याला दाबून पाहिलं. पूर्वी कोणी असं केलं असतं तर मी रुसलो असतो. त्या दिवशी मला हायसं वाटलं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मी ओरडलो तर मला गप्प करू नका, का ओरडतोय ते बघा. आणि माझ्यावर आंधळा विश्वास टाकू नका. निघण्याआधी रोज माझा संशय घ्या.