मुकादमाची टकटक

माझ्या पोपटाचं नाव मुकादम. मी पँटी आखूड करतो, चेन बदलतो, उसवलेलं शिवतो. तो पिंजऱ्यातून देखरेख करतो. स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि दुसऱ्यावर डोळा ठेवायचा, म्हणून मुकादम.

गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मला दारापर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर गिऱ्हाईक निघून जाऊ नये म्हणून मी त्याला शिकवलं, दार वाजलं की ओरडायचं, "आलो, आलो!" पठ्ठ्या लगेच शिकला. पण दार फारसं वाजेना. मग यानं दार वाजवण्याचं कामही स्वतःकडे घेतलं. चोचीनं पिंजऱ्याच्या फळीवर टकटक करायची आणि आपणच म्हणायचं, "आलो, आलो!" मी शिलाई टाकून कण्हत उठायचो. दारात काळं कुत्रंही नसायचं. मग मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

एक दिवस लेक आली. "बाबा, आता एकटं राहणं पुरे. माझ्याकडे चला."

जावयाला दमा. घरात पिसं चालत नाहीत. म्हणजे मी जायचं, मुकादमानं नाही.

"आधी त्याच्याशिवाय राहून तर बघा," असं म्हणून तिनंच पिंजरा खालच्या इस्त्रीवालीकडे नेऊन ठेवला.

घर गप्प झालं. कुणी फसवत नव्हतं, म्हणून मी उठतही नव्हतो. जेवलोसुद्धा मशीनपाशीच. संध्याकाळी उठायला गेलो तर गुडघ्यांचं लाकूड झालेलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की हा बेटा मला दिवसभर चालवत होता. आणि खरं सांगायचं तर, दर वेळी कडी काढताना मला वाटायचंच, या खेपेला असेल कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना उतरलो.

"न्या बाबा याला, मास्तर," इस्त्रीवाली म्हणाली. "दाण्याला शिवला नाही. नुसता दाराकडे बघत बसलाय."

मी बोट पुढे केलं. त्यानं कडकडून चावा घेतला.

"चाव," मी म्हटलं. "तुझा हक्कच आहे."

फोनवर लेक भडकली. "लेकीपेक्षा पाखरू जवळचं झालं का?"

"तू महिन्याकाठी एकदा दार वाजवतेस गं. हा दिवसातून दहादा वाजवतो."

बोललो आणि जीभ चावली. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती आलेली नाही. मी फोन लावतो, ती कामात असते. मुकादम खांद्यावर बसून माझा कान कुरतडतो. त्याच्यावर माझा जीव आहे, त्याचाही माझ्यावर. पण लेकीची जागा लेकीचीच. कधीकधी तिच्या नावानं मोठ्यानं हाक मारावीशी वाटते. मी तोंड मिटून घेतो. मुकादमानं ते नाव उचललं, तर तो दिवसभर तिला बोलावत बसेल, आणि ते मला ऐकवणार नाही.